५८,५०० चा स्मोकर आणि ७८,५०० चा चुना

मांस धुरावर शिजवायची लोखंडी भट्टी, म्हणजे स्मोकर, मोबाइलवरच्या जाहिरातीवरून मागवला आणि फसलो. आधी हिशोब देतो, म्हणजे "नक्की किती गेले हो?" हा प्रश्न परत कुणी विचारायला नको. बुकिंगचे ५,०००. "प्लेट कटिंगला टाकली" म्हणून २४,२५०. बिल्टी, म्हणजे ट्रान्सपोर्टची मालपावती, दाखवून उरलेले २९,२५०. वाटेतल्या विम्याचे, आणि हे म्हणे परत मिळणार होते, ७,४००. नाक्यावर गाडी सोडवायचे १२,६००. एकूण ७८,५०० रुपये. त्यानंतर आणखी १८,००० मागितले तेव्हा फोन ठेवला. घरात काही जणांना अजून ५८,५०० चाच आकडा माहीत आहे, तो तसाच राहू दे.

कोकणात समुद्राजवळ आमचं छोटं होमस्टे आहे. गावाचं नाव सांगत नाही, गावात हसं व्हायचं तेवढं झालंय. पाहुणे मुंबई-पुण्याचे. आमच्याकडे पत्र्याची शेगडी, लोणारी कोळसा, त्यावर सुरमई आणि पनीर, एवढ्यावर वर्षानुवर्षं भागत होतं. थंडीत पोपटी लावायचो, मडक्यात भांबुर्डीचा पाला, वालाच्या शेंगा, कोंबडी, अंडी, वरून पेंढा पेटवायचा. लोक खूश. पण गेली दोन-तीन वर्षं नवीन खूळ आलंय. "काका, स्मोकर आहे का?" अमेरिकेत जाऊन आलेली मुलं टेक्सासच्या गोष्टी सांगतात, बाजूच्या पेटीत लाकूड जळतं, धूर मोठ्या पिंपातून फिरून चिमणीने बाहेर पडतो आणि मांस ११०-१२० अंशांवर दहा-बारा तास शिजतं. आपल्याकडे बोकडाची अख्खी मांडी अशी लावली तर हाड हाताने ओढून निघतं. जाळायला आंब्याची, काजूची वाळकी लाकडं माझ्याच आवारात पडून आहेत. डिसेंबरच्या सीझनआधी घ्यायचा असं ठरवलं, यात चुकीचं काय होतं ते मला अजून कळलेलं नाही.

आणि मी आंधळेपणाने स्वस्तात पडलो असंही नाही. तालुक्याच्या फॅब्रिकेटरने ८५,००० सांगितले होते आणि जानेवारीशिवाय जमणार नाही म्हणाला. मला ६ मिली, म्हणजे मिलीमीटर, जाडीचीच लोखंडी प्लेट हवी होती. पातळ पत्र्याचं झाकण एकदा उघडलं की सगळी धग जाते, मग परत लाकूड कोंबायचं, पांढरा दाट धूर होतो आणि मांस कडू. शिवाय इथल्या खाऱ्या हवेत दीड मिलीच्या पत्र्याची दोन पावसाळ्यांत चाळण होते. मोबाइलवर जाहिरात आली, राजकोटचा कारखाना, ६ मिली प्लेट, घरपोच ५८,५००. राजकोटला कारखाने आहेत, मजुरी कमी पडत असेल, हा हिशोब काय वेड्याचा आहे? दहा हजारात देतो म्हणाला असता तर मीही हसलो असतो. हल्लीचे चोर भाव बरोबर तिथे ठेवतात जिथे शहाणा माणूस थांबतो.

व्हिडिओ झकास होता. मागे गाडी उभी होती तिचं स्टिअरिंग डावीकडे, म्हणजे चित्रण अमेरिकेतलं, हे आता दिसतं. तेव्हा मी दरवाजाची बिजागरी बघत होतो. कुणाकडूनही घेताना त्याला सांगा, आत्ता व्हिडिओ कॉल लाव, प्लेटच्या कडेला जाडी मोजायचा व्हर्नियर लाव आणि आजचं वर्तमानपत्र बाजूला ठेव. खरा कारखानदार वैतागेल, पण दाखवेल.

आता त्या बिल्टीबद्दल. दुसरा हप्ता गेल्यावर "अंकल, माल निकल गया" असा निरोप आणि सोबत बिल्टीचा फोटो. एका मोठ्या ट्रान्सपोर्टचा छापील कागद, गाडी नंबर, शिक्का, सही. नग १. माल, बार्बेक्यू मशीन. वजन ४२ किलो.

बेचाळीस किलो! माझी सगळी नोकरी कारखान्याच्या स्टोअरमध्ये प्लेटा उतरवून घेण्यात गेली. चौरस मीटर गुणिले जाडीचे मिली गुणिले ७.८५, की लोखंडाचं वजन किलोत, हे मला झोपेतून उठवून विचारा. ६ मिली प्लेट म्हणजे चौरस मीटरला ४७ किलो. त्याने दिलेली मापं होती, पिंप ५०० मिली व्यासाचं, लांबी एक मीटर. नुसत्या गोल अंगाचेच ७४ किलो होतात. दोन्ही बाजूंच्या चकत्या साडेअठरा. लांबी-रुंदी-उंची साडेचारशे मिलीची चौकोनी जळणपेटी ५७. म्हणजे स्टँड, चाकं, जाळ्या, चिमणी सोडून दीडशे किलो! ४२ किलोत मधल्या पिंपाचं अंगसुद्धा बसत नाही. हे गणित मी कागदावर केलं, पण कधी, तर सगळे पैसे गेल्यावर.

पण तो आकडा मला दिसला नाही असं नाही. दिसला, डोक्यात खटकलासुद्धा. मग मीच त्याला उत्तर शोधलं. भाडं वाचवायला बिल्टीवर वजन कमी लिहितात, हे नोकरीत शंभरदा पाहिलं होतं. म्हटलं यानेही तेच केलं असणार. म्हणजे माझा अनुभवच त्या चोराच्या कामाला आला. त्यात संध्याकाळची वेळ, अंगणात पाहुण्यांची शेगडी पेटलेली, एक पोरगं ओल्या लाकडावर रॉकेल ओतायला निघालेलं, आणि याचा फोनवर फोन, "ड्रायव्हर खडा है." एका हाताने त्या पोराला अडवत दुसऱ्या हाताने २९,२५० पाठवले. असल्या वेळी कुणाचं डोकं ठिकाणावर असतं? तरी पिन टाकायच्या आधी पडद्यावर नाव आलं होतं, कंपनीचं नव्हे, कुणा बाईचं. आधीच्या हप्त्याला भलत्याच पुरुषाचं. "अकाउंटंट का खाता है." पैसे घेणाराचं नाव दर हप्त्याला बदललं की तिथेच थांबा, कारण विचारत बसू नका, कारण त्याच्याकडे तयारच असतं.

बिलाचंही तेच. जीएसटी क्रमांक १५ अंकाक्षरांचा असतो. पहिले दोन आकडे राज्याचे, गुजरात २४, महाराष्ट्र २७. याच्या राजकोटच्या बिलावर ०९, म्हणजे उत्तर प्रदेश. पुढची दहा अक्षरं म्हणजे पॅन. पॅनचं चौथं अक्षर कंपनीला 'सी' असतं, एकट्या माणसाला 'पी'. बिलावर मोठ्या अक्षरांत प्रायव्हेट लिमिटेड आणि नंबरात 'पी'. जीएसटीच्या सरकारी साइटवर नंबर टाकला की लॉगिन न करता, फुकट, नाव समोर येतं. मी टाकला तेव्हा नंबर खरा निघाला, पण नावावरून तरी कापडाच्या दुकानाचा. बिलावर नंबर आहे म्हणून बिल खरं, असं समजू नका.

विम्याच्या ७,४०० बद्दल फार बोलत नाही. "परत मिळणारी रक्कम" हे शब्द ऐकले की समजून जा.

१२,६०० चा मात्र राग अजून जात नाही. "गाडी अच्छाड नाक्यावर अडवली, ई-वे बिल नाही, दंड भरा." अच्छाड म्हणजे गुजरात-महाराष्ट्र हद्दीवरचा नाका, आणि ई-वे बिल म्हणजे माल नेण्याचा जीएसटीचा ऑनलाइन परवाना. परराज्यातून ५०,००० च्या वरचा माल निघाला की ई-वे बिल लागतं हे खरं आहे, म्हणून तर गोष्ट पटली. पण ते काढायची जबाबदारी माल धाडणाऱ्याची, त्याचा बारा आकडी नंबर बिलाबरोबरच यायला हवा. आणि दंड सरकारी पोर्टलवर भरतात, कुणाच्या मोबाइल नंबरवर नाही. विक्रीकराचे जुने नाके तर जीएसटी आला तेव्हा, २०१७ सालीच उठले. हे सगळं मला माहीत होतं. पण ५८,५०० अडकलेले असले की माणूस ते सोडवायला आणखी घालतो, आणि त्या माणसाला हे माझ्यापेक्षा चांगलं माहीत होतं.

आता आपल्या थोर यंत्रणेकडे येऊ.

फसवणूक कळताच १९३० ला, म्हणजे सरकारी सायबर हेल्पलाइनला, फोन करायचा असतो. मी उशिरा केला, कारण ट्रान्सपोर्टवाला "गाडी उद्या येईल" म्हणत होता. तो ट्रान्सपोर्टवालाही त्यांचाच माणूस. बिल्टीवरच्या फोनला लावू नका, त्या ट्रान्सपोर्टच्या गावातल्या खऱ्या गोदामात बिल्टी घेऊन जा. मी गेलो तेव्हा तिथल्या माणसाने बिल्टीच्या नंबराची मालिका बघूनच सांगितलं, असा नंबर आमचा नसतो. वर हसला. पहिल्या तासा-दोन तासांत तक्रार झाली तर पैसे पुढच्या खात्यात गोठवता येतात. माझे तोवर खात्यातून खात्यात फिरून बाहेर पडले होते. गोठले किती? १,१४० रुपये.

पोलीस ठाण्यात गेलो. साहेब म्हणाले, "व्यवहारातला वाद आहे, माल उशिरा आला असेल, दिवाणी कोर्टात जा." मी म्हटलं, खोटी बिल्टी, खोटं बिल, यात दिवाणी काय आहे? मग म्हणाले, आरोपी बाहेरच्या राज्यातला, तिकडे तक्रार द्या. हद्द कुठलीही असली तरी गुन्हा नोंदवता येतो, हे मी छापून नेलं होतं. कागद बाजूला ठेवून विचारलं, "काका, तुम्ही शिकलेले ना? मग?" शिकलेल्याला लुटलं तर तो गुन्हा नसतो का? शेवटी अर्ज घेतला आणि पोच म्हणून शिक्का मारला. गुन्हा अजून नोंद नाही. तुम्ही जाल तेव्हा भारतीय न्याय संहिता ३१८(४) आणि आयटी कायदा ६६डी ही कलमं अर्जातच लिहा, आणि शिक्क्याची प्रत घेतल्याशिवाय बाकावरून उठू नका.

त्या १,१४० रुपयांसाठी कोर्टाचा आदेश आणायला सांगितलंय. वकील ५,००० मागतो.

बँकेत तर कहरच. "सर, पिन तुम्हीच टाकलाय ना?" हो, मीच टाकला. रिझर्व्ह बँकेचं २०१७ चं परिपत्रक कामकाजाच्या तीन दिवसांत कळवलं तर ग्राहकाची जबाबदारी शून्य म्हणतं, पण ते परस्पर पैसे गेले तर. स्वतः पाठवले की हात वर. बरं, ते सोडा. ज्या खात्यांत पैसे गेले ती कुणीतरी उघडून दिलीच ना? तिथे केवायसी कुणाची घेतली? मला पेन्शनसाठी दरवर्षी हयातीचा दाखला द्यावा लागतो, अंगठा उमटत नाही म्हणून परत परत घासतो, मी जिवंत आहे हे सिद्ध करतो. आणि या चोरांना अशी खाती मिळतात, एका संध्याकाळी भरतात, रिकामी होतात, कुणाला घंटा ऐकू येत नाही! बँकेला लेखी विचारलं. उत्तर आलं, "आपली तक्रार निकाली काढण्यात आली आहे." कशी निकाली काढली ते लिहिलेलं नाही. तीस दिवसांत समाधान झालं नाही की रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं, तो अर्ज केलाय.

ज्या ॲपवर जाहिरात होती त्यांनाही कळवलं. त्यांचं उत्तर, आमच्या नियमांचा भंग आढळला नाही. तोच व्हिडिओ, डावीकडच्या स्टिअरिंगसकट, परवा वेगळ्या नावाने परत दिसला. आता कारखाना लुधियानात आहे आणि भाव ५४,९९९.

याच चालीने, म्हणजे बिल्टी, मग विमा, मग नाका, कुणाला गंडवलं असेल तर आपला १९३० चा तक्रार क्रमांक आणि पैसे गेलेल्या तारखा कळवा. माणसं जास्त असली तर एकत्र अर्ज देता येईल, एकट्या म्हाताऱ्याला कुणी विचारत नाही. आणि "लोभ नडला काका" असं लिहायला येणाऱ्यांनी आधी ६ मिली प्लेटचा आजचा भाव काढावा, दीडशे किलोला गुणावं, मजुरी धरावी आणि मग बोलावं.