चार धारांचा १० मिमी हॅमर बिट: टोक शाबूत, शेपूट चेपलं

काँक्रीटला भोकं पाडायचा माझा हा बिट परवा ड्रिल मशीनमध्येच अडकला. सर्व्हिस सेंटरवाल्याने चक, म्हणजे बिट पकडणारा भाग, उघडायचे पैसे घेतले आणि वर ऐकवलं, "इम्पॅक्टने झालेलं डॅमेज वॉरंटीत बसत नाही." अहो, हॅमर बिट आहे हा! मिनिटाला चारेक हजार ठोके खाणं हेच त्याचं काम. त्याला काय फुलं वाहून डॅमेज होणार?

माझं काम एसीचे ब्रॅकेट आणि केबल ट्रे लावायचं, म्हणजे भोकं सगळी आरसीसीत. आधी बोहरी आळीतून ९० रुपयांचे दोन धारांचे बिट आणायचो. काँक्रीटमधली सळई लागली की टोकावरच्या कार्बाइडचा कोपरा उडायचा. कोपरा गेला की भोक बारीक पडतं आणि अँकर फास्टनर (भोकात घट्ट बसणारा बोल्ट) आत जात नाही. हा चार धारांचा चौपट महाग. सुरुवातीला वेगात काडीचा फरक जाणवला नाही, म्हणून पैसे पाण्यात गेले असंच सगळ्यांना सांगत होतो.

मत बदललं ते एका जुन्या बिल्डिंगच्या बीममध्ये. सळईवर सळई लागत होती. एक धार सळईच्या कडेला घासली तरी बाकीच्या टेकलेल्या असतात, त्यामुळे सगळा मार एकाच कोपऱ्यावर येत नाही. त्या कामात साधे बिट ढिगाने गेले असते.

कार्बाइड म्हणजे चिक्की समजा: टंगस्टन कार्बाइडचे दाणे, कोबाल्टचा गूळ. कोबाल्ट कमी असेल तर टिप कडक पण ठिसूळ, जास्त असेल तर मार सोसते पण लवकर झिजते. ठोके बसून बसून दाण्यांमधला कोबाल्ट निघून जातो, मग दाणे तडकून निखळतात. आमचा हेल्पर तापलेला बिट बादलीत बुडवायचा, चर्र आवाज आला की खूश. गरम कार्बाइडवर गार पाणी पडलं की बारीक तडे जातात. शिवाय स्टील कार्बाइडच्या दुपटीने प्रसरण पावतं, त्यामुळे टिप स्टीलला धरून ठेवणारा ब्रेझिंगचा जोडही ताणला जातो. बादली आता बंद.

तर टोकाबद्दल तक्रार नाही. पण शेपूट! मशीनमधला स्ट्रायकर जिथे आदळतो ते मागचं टोक नुसतं स्टील. कार्बाइड तडकतं, हे चेपतं. एका ठोक्याने काही दिसत नाही, पण लाखो ठोक्यांनी कड बाहेर पसरते आणि शँक, म्हणजे चकमध्ये बसणारा दांडा, बाहेर निघत नाही. ९० रुपयांच्या बिटचं टोक तेवढं जगतच नाही, म्हणून हे दुखणं आधी कळलं नव्हतं. कंपनीने खर्च केला टोकावर आणि शेपटाच्या हार्डनिंगवर, म्हणजे स्टील कडक करण्यावर, कंजुषी, असं माझं स्पष्ट मत.

सध्या पसरलेली कड ग्राइंडरवर घासून, शँकला ग्रीस लावून तोच बिट चालवतोय. पुढचा घेताना दुकानातच मागच्या टोकावर कानस मारून बघणार. स्टील लोण्यासारखं कापलं गेलं तर बिट तिथेच ठेवायचा. दुकानदार ओरडेल, ओरडू दे.