मुंबई नाक्याजवळचं औषध-ऍलर्जी डे-केअर: चाचणी चोख, पॅकेज टाळा

मुलाच्या फाईलवर लाल शाईत ‘पेनिसिलिन ऍलर्जी’ लिहायला अर्धं मिनिट पुरतं. तो शेरा खोडायला मात्र कुणी तयार होत नाही. नाशिकच्या मुंबई नाक्याजवळच्या एका बालरुग्णालयाच्या डे-केअरमध्ये हे खोडायचं काम होतं. एक्सएलए, सीजीडी, विस्कॉट-ऑल्ड्रिच, हायपर-आयजीई अशा रोगप्रतिकारशक्तीच्या जन्मजात आजारांच्या मुलांना त्याची खरी गरज आहे. एरवीच्या मुलाचं एक अँटिबायोटिक बंद झालं तर दुसरं देऊन भागतं. या मुलांची वर्षंच्या वर्षं अँटिबायोटिकवर जातात, त्यामुळे पेनिसिलिनच्याच घरातलं साधं अमॉक्सिसिलिन हातचं गेलं की गाडी थेट महागड्या इंजेक्शनांवर येते. आणि असा शिक्का बसलेल्या मुलांची नीट चाचणी केली तर दहातल्या नऊजणांना औषध चालतं. विषाणूच्या तापाचं पुरळ बिचाऱ्या सिरपच्या नावावर खपलेलं असतं.

आधी चांगलं. औषध पाजून करायची तोंडी चाचणी इथे शिस्तीत होते. १६ किलोचं मूल धरा. किलोमागे २५ मिलिग्रॅमने ४०० मिलिग्रॅम होतात, म्हणजे ५ मिलिलिटरला २५० मिलिग्रॅमवालं सिरप ८ मिलिलिटर. त्याचा दहावा भाग, ०.८ मिलिलिटर, आधी देतात; अर्धा तास थांबून उरलेलं ७.२, मग दोन तास बसवून ठेवतात. सिस्टर बाटलीचं टोपण वापरत नाहीत, सिरिंजने मोजतात, आणि प्रत्येक वेळी बाटली हलवतात. हे बारकं वाटेल, पण ड्राय सिरपचं औषध तळाशी बसतं. न हलवता वरचं दिलं तर पहिल्या डोसात नुसतं गोड पाणी जातं आणि नंतर एकदम जास्त.

खाटेशेजारच्या फळ्यावर मुलाच्या वजनाचा ऍड्रेनालिनचा, म्हणजे तीव्र ऍलर्जी उठली तर सगळ्यात आधी द्यायच्या इंजेक्शनचा, डोस आधीच लिहिलेला असतो: १६ किलोला ०.१६ मिलिलिटर, १ मिलिलिटरला १ मिलिग्रॅमच्या अँप्युलमधून, मांडीच्या बाहेरच्या बाजूला स्नायूत. धाप लागली की आधी एव्हिल-हायड्रोकॉर्टिसोनकडे हात जाण्याची खोड बऱ्याच ठिकाणी आहे. इथे ती दिसत नाही.

आता पॅकेज. काउंटरवर चाचणीच्या जोडीला ‘ड्रग ऍलर्जी ब्लड पॅनेल’ गळ्यात मारतात. त्यात ऍलर्जीची अँटिबॉडी, म्हणजे आयजीई, मोजतात. एक्सएलएच्या मुलात अँटिबॉडी बनवणाऱ्या बी-पेशी जवळपास नसतातच, आयजीई बनणार कुठून? रिपोर्ट ‘निगेटिव्ह’ येतो आणि त्यातून काहीच कळत नाही, कारण उशिरा उठणारं पुरळ टी-पेशींमुळे येतं आणि त्या शाबूत असतात. हायपर-आयजीईत उलटी गत. एकूण आयजीईच २०००च्या वर, मग बारीकसारीक पॉझिटिव्ह येणारच आणि शेरा आणखी पक्का होणार. या मुलांसाठी पॅनेलला सरळ नाही म्हणा. नाही म्हटल्यावर वाद घालत नाहीत, एवढं खरं.

दुसरी तक्रार सेप्ट्रान या अँटिबायोटिकची, आणि ही जास्त गंभीर. सीजीडीच्या मुलाला जंतुसंसर्ग टाळायला ते रोज लागतं. पण त्याचं पुरळ बहुधा सातव्या ते चौदाव्या दिवशी उठतं. इथे एका दिवसाच्या चाचणीवर ‘सहन होते’ असं प्रमाणपत्र देतात. ते अमॉक्सिसिलिनला चालेल, तेही घरी आणखी तीन ते पाच दिवस डोस देऊन, सेप्ट्रानला नाही. हळूहळू मात्रा वाढवत औषध अंगवळणी पाडण्याची सोयही इथे नाही. त्यासाठी कसारा घाट उतरून मुंबईकडे जावंच लागतं.

विस्कॉट-ऑल्ड्रिचच्या मुलांचं मात्र छान सांभाळतात. अंगावर ठिपके दिसले की आधी काचेचा पेला दाबून बघतात. दाबल्यावर लाली गेली तर पुरळ. जागची हलली नाही तर कातडीखालचा रक्तस्राव, म्हणजे या मुलांत बहुधा प्लेटलेटचा मामला, औषधाच्या ऍलर्जीचा नव्हे. तोंडात फोड, डोळे लाल, कातडी सोलून निघाली अशी जुनी नोंद असेल तर चाचणीला साफ नकार देतात, आणि तो योग्यच आहे. अशा मुलाला ते औषध पुन्हा द्यायचंच नसतं.

जाताना मूळ फाईल न्या: कितव्या डोसनंतर, किती तासांनी, कसं पुरळ आलं हे लागतंच, फोटो असेल तर उत्तम. सेटिरिझिन हे ऍलर्जी दाबणारं औषध पाच ते सात दिवस आधी बंद हवं. सर्दी-खोकल्याच्या सिरपात क्लोरफेनिरामिन असतं तेही त्यातच आलं, आणि तिथेच बहुतेकांची फेरी फुकट जाते. बंद करण्याआधी मुलाच्या डॉक्टरांना विचारा. ताप किंवा छातीत घरघर असेल तर तारीख पुढे ढकला. आयव्हीआयजीच्या, म्हणजे शिरेतून अँटिबॉडी देण्याच्या, दिवशी तर मुळीच जाऊ नका. ते वेगात सोडलं की त्यानेच थंडी, डोकेदुखी, ताप येतो, आणि दोष कुणाचा यावर दोन दिवस खल चालतो.

शेवटी मिळणाऱ्या कागदावर नुसतं ‘ऍलर्जी नाही’ लिहिलेलं घेऊ नका. औषधाचं नाव, दिलेली मात्रा, किती दिवस दिलं आणि तारीख लिहून मागा, नि एक प्रत जिथे आयव्हीआयजी चालतं तिथल्या फाईलला लावा. जुना लाल शेरा त्यांच्याच हातून, सहीनिशी खोडून घ्या.