‘लग जा गले’ बसवायचंय, पण कुणाचं ऐकून?

इंदूरच्या मराठी घरांत लग्नसराई सुरू झाली की साखरपुड्याच्या नाहीतर संगीताच्या संध्याकाळी कुणीतरी ‘लग जा गले’ म्हणणार हे ठरलेलंच. अडचण येते ती तयारीच्या वेळी. यूट्यूबवर नाव टाकलं की एवढ्या आवृत्त्या समोर येतात की मूळ गाणं कुठल्या कुठे खाली राहतं आणि जी पहिली दिसेल तीच पाठ होते. कोणती आवृत्ती पुढ्यात ठेवून रियाज करावा हे ज्यांचं ठरत नाहीये, त्यांच्यासाठी हा आढावा.

आधी मूळ गाणं, कारण बाकी सगळ्यांचं मोजमाप त्यावरच होणार. १९६४ साली आलेला ‘वो कौन थी?’ हा राज खोसलांचा कृष्णधवल रहस्यपट. शब्द राजा मेहदी अली ख़ान यांचे, संगीत मदन मोहन यांचं, चाल पहाडी रागाच्या वळणाची आणि आवाज लतादीदींचा. दीदींचा जन्म आपल्या इंदुरातला, सिख मोहल्ल्यातला, २८ सप्टेंबर १९२९ चा. त्यामुळे इथे हे गाणं म्हणणाऱ्यावर थोडी जास्तच जबाबदारी येते असं मला मनापासून वाटतं. गंमत म्हणजे राज खोसलांना ही चाल आधी पसंत पडली नव्हती. चित्रपटाचे नायक मनोज कुमार यांनी ती पुन्हा ऐकून घ्यायचा आग्रह धरला आणि गाणं सिनेमात आलं.

चित्रपटातला प्रसंग ठाऊक असेल तर गाणं वेगळंच उमगतं. नायिका साधना ज्याला हे म्हणते, तो नवरा तिच्याकडे संशयाने बघतोय. ही बाई नक्की कोण, हेच त्याला कळत नाहीये. म्हणजे हे लाडात आलेल्या नवरीचं गाणं नाही. पुढची भेट होईल की नाही याची खात्री नसलेल्या माणसाची ती विनवणी आहे. लतादीदींच्या गाण्यात ही अनिश्चितता पहिल्या ओळीपासून आहे. ‘हो न हो’ हे शब्द गाण्यात चार ठिकाणी येतात: मुखड्याच्या दोन्ही ओळींच्या शेवटी आणि दोन्ही अंतऱ्यांच्या अखेरीस. गझलेतल्या रदीफसारखेच, म्हणजे ओळीअखेरीस पुन्हा पुन्हा तेच येणाऱ्या शब्दांसारखे. रात, मुलाक़ात, बात, बरसात, आणि प्रत्येकाच्या मागे ‘हो न हो’. दीदी त्यावर कुठेही जोर देत नाहीत, शब्द नुसता सोडून देतात. हेडफोन लावून तेवढ्याच चार जागा लागोपाठ ऐका. मग स्वतः म्हणून बघा, आणि तुमचा आवाज तिथे दाबला जातोय का ते तपासा. बहुतेकांचा दाबला जातो, कारण ओळ संपली की ती ठासून संपवायची आपल्याला सवय असते.

मूळ गाणं बसवण्यातली खरी अडचण पट्टीची. दीदींचा आवाज उंच, त्यात अंतऱ्याला चाल आणखी वर चढते. घरगुती गळ्याने त्याच पट्टीत म्हणायचा हट्ट धरला तर ‘हमको मिली हैं आज’ला आवाज ताणला जातो आणि सगळा हळुवारपणा जातो. दोन-तीन सुरांनी खाली घ्या, कुणाला काही वावगं वाटणार नाही.

आता पहिली फेरगायलेली आवृत्ती. ती आपल्याकडे फारशी कुणी ऐकलेली नसते. ‘वो कौन थी?’वरून १९६६ साली तमिळमध्ये ‘यार नी?’ निघाला, त्यात जयललिता होत्या. संगीतकार वेदा यांनी चाल जवळपास तशीच ठेवली आणि पी. सुशीला यांनी ‘पोन्मेनी तळुवामल’ गायलं. हे इंदुरातल्या कार्यात म्हणायला मी सुचवत नाही. पण रियाजासाठी जरूर ऐका. भाषा कळत नसली की कान आपोआप सुरांकडे जातात. शब्दांचा आधार काढून घेतल्यावर ही चाल किती सरळ आणि किती अवघड आहे ते तिथे स्पष्ट होतं. सुशीलाबाईंचा गळा स्वच्छ, हरकती मोजक्या.

मग थेट आपल्या काळात येऊ. तरुण मंडळींच्या तोंडी आज जी आवृत्ती आहे ती ‘सनम’ या बँडची, सनम पुरीच्या आवाजातली. भावाला, मित्राला किंवा खुद्द नवरदेवाला म्हणायचं असेल तर ही समोर ठेवायला हरकत नाही. पुरुषाच्या आवाजात हे गाणं इतकं सहज कसं बसतं, याचं उत्तर शब्दांतच आहे. राजा मेहदी अली ख़ान यांनी सगळीकडे ‘हम’ वापरलंय: ‘हम नहीं आएँगे’, ‘हम रो लें’. बाई म्हणो की पुरुष, एकही शब्द बदलावा लागत नाही. अशी सोय फार थोड्या गाण्यांत असते.

सनमच्या आवृत्तीचा दुसरा फायदा म्हणजे गिटारवर ती चांगली बसते. ऑर्केस्ट्रा नाही, तबलजी मिळाला नाही, तरी एका गिटारवर काम भागतं. पण तिच्यात मूळचं भय नाही. ती गोड आहे, आश्वासक आहे. उद्या भेट होणारच, असा तिचा सूर आहे. साखरपुड्याला हा सूर शोभतो हेही खरं. मला मात्र मूळ गाण्याची ओढ त्या गोडव्यापेक्षा मोठी वाटते, आणि दोन्हींतून एकच निवडायची वेळ आली तर मी वेळ घालवणार नाही.

२०१८ च्या ‘साहेब, बीवी और गँगस्टर ३’मध्ये जोनिता गांधीने हे गाणं पुन्हा गायलंय. आजच्या घडणीचं आहे, ऐकायला छान. बसवण्यासाठी मात्र तिचा उपयोग थोडा. ते स्टुडिओतलं गाणं आहे. हॉलमधल्या पंखे-पाहुण्यांच्या गलबल्यात तो हळुवारपणा मागच्या रांगेपर्यंत पोचवणं कठीण.

शोधताना एका ठिकाणी हमखास घोटाळा होतो. २०१७ च्या ‘भूमि’ चित्रपटात राहत फ़तेह अली ख़ान यांचं एक गाणं आहे, त्याचंही नाव ‘लग जा गले’. चाल आणि बाकी शब्द पूर्ण वेगळे. कराओके ट्रॅक घेताना चित्रपटाचं नाव वाचा, नाहीतर ऐन वेळी भलतंच संगीत वाजायला लागेल.

उच्चारांबद्दल थोडं. आपण इंदूरकर हिंदीतच वाढलो, त्यामुळे पुण्या-मुंबईकडच्यांपेक्षा आपल्याला हे सोपं जातं. तरीही ‘क़रीब’ आणि ‘ज़ार-ज़ार’ या दोन जागा आधी नुसत्या बोलून घ्या. दुसऱ्या अंतऱ्यातला ‘ज़ार-ज़ार’ घाईत ‘जार-जार’ झाला की रडण्याचा सगळा अर्थच विरतो.

तेव्हा निवड अशी करा. मुलगी म्हणणार असेल आणि हाताशी महिना-पंधरा दिवस असतील तर मूळ गाणंच घ्या, पट्टी उतरवून, पेटी-तबल्यावर. वेळ कमी असेल, गाणारा मुलगा असेल आणि घरात कुणी गिटार वाजवत असेल तर सनमची मांडणी घ्या, पण ‘हो न हो’च्या जागा दीदींच्या ऐकून घ्या. दोघांनी मिळून म्हणायचा बेत असेल तर या गाण्याची ओढाताण करू नका, ते एकट्याचं आहे. त्यापेक्षा ‘शुक्रतारा मंद वारा’ बसवा. ते मुळातच युगुलगीत आहे: शब्द मंगेश पाडगावकरांचे, चाल श्रीनिवास खळ्यांची, आवाज सुधा मल्होत्रा आणि आपल्या इंदूरच्या अरुण दात्यांचा.

आणि कोणतीही आवृत्ती घेतली तरी दोन्ही अंतरे म्हणा. वेळ वाचवायला दुसरा अंतरा गाळायची पद्धत पडलीये. पण ‘पास आइये’ तिथेच आहे, आणि गाण्यातलं रडूही तिथेच आहे. वेळ फारच कमी असेल तर सुरुवातीचं संगीत कापा.