घणसोलीतली चारशे रुपयांची ‘अंकज्ञान चाचणी’

लेक तिसरीत. कोपऱ्यावरच्या क्लासने निकाल दिला : वजाबाकी कच्ची. मला पटेना, भाजीवाल्याकडचे सुटे तीच मोजून घेते! पेपर मागून पाहिला. वजाबाकीची सहाही उदाहरणं शाब्दिक, तीन-तीन ओळींची. म्हणजे तपासलं वाचन आणि शिक्का मारला गणितावर. घरी ५२ – २७ नुसतं मांडून दिलं. दशक सुटा करून झटक्यात २५. खेड्यापाड्यांतल्या मुलांचं वाचन-गणित तपासणाऱ्या ‘असर’च्या पाहणीत दोन अंकी वजाबाकी अशीच थेट मांडलेली असते, तीही एकेका मुलाजवळ बसून घेतात. इथे पंचवीस पोरं एका खोलीत, पंखा बंद.

दहा दिवसांनी तोच पेपर पुन्हा दिला, तर गुण बारावरून सतरा. मधे काहीच शिकवलं नव्हतं, गणपती होते. अहवाल मात्र रंगीत, आलेखबिलेख. बाईंना विचारलं तर म्हणाल्या, “अहो, सगळ्यांना हाच देतो.”