तीन हजारांचे अॅडजस्टेबल इनलाइन स्केट : खोक्यावर काय, आत काय

लातूर, नांदेड, परभणी, संभाजीनगर, कुठल्याही खेळाच्या सामानाच्या दुकानात जाऊन लेकराला स्केटिंगला घालायचंय म्हटलं की हाच खोका समोर येतो. बटण दाबून लहान-मोठा होणारा बूट, एका रांगेत चार चाकं, टाचेमागे काळा ब्रेक आणि बाजूला ठळक अक्षरांत ‘एबेक ७’. किंमत साधारण अडीच ते चार हजार. नावं वेगवेगळी असली तरी आतला माल इतका मिळताजुळता असतो की नाव पाहून निवडण्यात फारसा अर्थ नाही. म्हणून हे परीक्षण एका कंपनीचं नाही, या प्रकारच्या मालाचं आहे. निकाल आधीच सांगून टाकतो : बूट चालतो, फ्रेम (बुटाखाली चाकं धरणारा सांगाडा) नशिबावर, चाकं तपासल्याशिवाय घेऊ नका आणि सोबत मिळणारं हेल्मेट दुकानातच ठेवा.

आधी ते एबेक. बेअरिंग किती अचूक मापात बनवलंय याची ही अमेरिकी श्रेणी. १, ३, ५, ७, ९ अशा पायऱ्या. त्यात पोलाद कसलं, वंगण कोणतं, धूळ किती अडते, पाय तिरका पडल्यावर बाजूचा भार किती सोसेल, यातलं काहीही मोजलेलं नसतं. शिवाय ७६ मिमीचं चाक ताशी १५ किमी वेगाने मिनिटाला जेमतेम १०५० फेरे घेतं. स्केटच्या चाकात बसणारं ६०८ नंबरच्या मापाचं साधं बेअरिंगही याच्या कितीतरी पट फिरायला बनलेलं असतं. एबेक ५ आणि ७ मधला फरक आठ वर्षांच्या मुलाला कळणं सोडाच, त्याच्या प्रशिक्षकालाही कळणार नाही. आणि खोक्यावर ७ छापलंय म्हणून आत ७ असेलच याची हमी कोण देणार?

दुकानदार चाकाला बोटाने फिरकी मारतो आणि ते फिरत राहतं. इंटरनेटवरचे निम्मे व्हिडिओ याच फिरकीवर उभे असतात. पण भार नसताना चाक किती वेळ फिरतं यावरून काहीच सिद्ध होत नाही. उलट एक्सल, म्हणजे चाकातून आडवा जाणारा बोल्ट, ढिला ठेवला की भिकार बेअरिंगही छान फिरतं. खरी तपासणी अशी : ४ मिमीची अॅलन की सोबत न्या (दुकानात ती ऐनवेळी सापडत नाही). एक्सल नीट घट्ट आवळा, मग चाक फिरवा. ते दोन-तीन फेऱ्यांत अडकून थांबलं तर आतला स्पेसर आखूड आहे किंवा बसवलेलाच नाही. प्रत्येक चाकात दोन बेअरिंग्ज असतात आणि त्यांच्या आतल्या रिंगांमधलं अंतर ही छोटी नळी राखते. ती आखूड असली की एक्सल आवळताना रिंगा एकमेकींकडे ओढल्या जातात, गोळ्या दाबल्या जातात आणि चाक जड होतं. मग घरचे एक्सल थोडा सैल करतात, चाक मोकळं होतं, सगळे खूश. पंधरा दिवसांनी तोच एक्सल रस्त्यावर उलगडून निघतो. स्वस्त स्केटमध्ये प्लॅस्टिकचा स्पेसर असतो, तो दाबाने आणखी आखूड होतो. धातूचे आठ स्पेसर फार महाग नसतात. बाकी काही बदललं नाही तरी एवढे बदला.

एक्सलचं टोकही पाहून घ्या. दोन तुकड्यांचा असेल तर दोन्ही बाजूंनी की लावावी लागते, आणि षटकोनी खाच मऊ धातूची असली की चार-पाच वेळा उघडल्यावर गोल होते. मग तो काढायला ड्रिलवाला गाठायचा.

चाकांचा मामला सर्वांत महत्त्वाचा. बाहेरून सगळी सारखीच चकचकीत दिसतात. काही पीयूची, म्हणजे पॉलियुरेथेनची असतात, काही पीव्हीसीची. पीयूच्या चाकावर बहुतेकदा ‘७६ मिमी ८२ए’ अशासारखा आकडा असतो, ए म्हणजे कडकपणाची मोजपट्टी. आकडाच नसेल तर संशय घ्या. एक चाक काढून गुडघ्याएवढ्या उंचीवरून फरशीवर सोडा : पीयू उसळतं, पीव्हीसी खट्‌कन पडून राहतं. गुळगुळीत फरशीवर पीव्हीसी वळणावर सरळ निसटतं. आपल्याकडच्या सिमेंट रस्त्यांवर आडव्या रेघा आणि जोड असतात, तिथे ते इतकं थरथरतं की पायाला मुंग्या येतात. लेकरू ‘पाय दुखतात’ म्हणून रडतं आणि सगळे त्याला ‘सवय होईल’ म्हणतात. सवयीचा इथे काही संबंध नाही. आठ पीयू चाकं नंतर वेगळी घ्यायला गेलं तर स्केटच्या किमतीचा मोठा भाग त्यातच जातो, म्हणून सुरुवातीलाच पाच-सातशे जास्त देऊन पीयूचा जोड घेतलेला स्वस्त पडतो. बदलताना व्यास तोच ठेवा. ७६ च्या फ्रेममध्ये ८० चं चाक बहुधा घासतं. झिजायला लागली की पहिलं-तिसरं, दुसरं-चौथं अशी अदलाबदल करायची आणि झिजलेली आतली कड बाहेर येईल असं उलटं बसवायचं.

लुकलुकणाऱ्या चाकांना मुलं भुलतात. त्यांच्यात बॅटरी नसते. स्पेसरच्या जागी चुंबक आणि चाकात तारेचं वेटोळं असतं. दिवा लागतो तो लेकराच्या पायाच्या जोरावर, आणि ते चुंबक लोखंडी कीस ओढून घेतं. वाळूजसारख्या कारखान्यांच्या भागात रस्त्यावर असा कीस कमी नसतो.

फ्रेम पाहताना स्केट फरशीवर ठेवा, मुलाला पायात घालून उभं करा आणि मागून बघा. चाकांची रांग घोट्याच्या मध्याखाली सरळ दिसायला हवी. आत किंवा बाहेर झुकलेली असेल तर दोनच शक्यता : कफ (घोट्याभोवतीचा बुटाचा कडक भाग) मऊ आहे किंवा फ्रेम तिरकी बसली आहे. कफ दोन्ही हातांनी बाजूने दाबून पाहा. हाताने सहज वाकत असेल तर घोटाही वाकणार. कफ कडक असूनही रांग तिरकी असेल तर फ्रेम कशी जोडलीय ते पाहा. बोल्टने असेल तर थोडी सरकवता येते. रिव्हेट मारलेली असेल तर तो जोड तसाच परत द्या. त्यावर घरी काही उपाय नाही. एकाच दुकानातल्या एकाच मापाच्या दोन खोक्यांत हा फरक सापडतो, म्हणून ‘नशिबावर’ म्हटलं.

मापाबद्दल थोडक्यात. संध्याकाळी पायमोजा घालून टाच भिंतीला टेकवा, कागदावर लांब बोटाच्या टोकाशी खूण करा आणि सेंटिमीटर मोजा. उभं राहिल्यावर बोटं पुढे हलकी टेकावीत, गुडघे वाकवल्यावर सुटावीत. ‘वाढत्या पायाला चालेल’ म्हणून दोन मापं मोठा घेऊ नका. बटणाने लांबी वाढते, रुंदी वाढत नाही. सरकत्या खाचेचे दात प्लॅस्टिकचे असतात. ते झिजले की बूट चालता चालता एक घर सरकतो.

आता धूळ. आपल्या काळ्या मातीची बारीक भुकटी हेच बेअरिंगचं खरं मरण. त्यामुळे इथे पत्र्याच्या झाकणाच्या झेडझेडपेक्षा रबरी सीलचं टू-आरएस बरं. थोडं जड फिरतं, पण टिकतं. ६०८ हे माप स्केटपुरतं नाही, छोट्या मोटारींतही हेच बसतं, त्यामुळे मोठ्या बेअरिंगच्या दुकानात किंवा मोटार रिवाइंडिंगवाल्याकडे मिळू शकतं. जुनं साफ करायचं तर पत्र्याचं झाकण काढून थिनरमध्ये बुडवा, पूर्ण वाळवा आणि शिलाई मशीनच्या तेलाचे एक-दोन थेंब टाका. जास्त तेल म्हणजे जास्त माती. रबरी सील थिनरात टाकू नका, फुगतं. स्केट नळाखाली तर कधीच धुऊ नका.

हे सगळं आधी कोणी का सांगत नाही? कारण सांगणारा आणि विकणारा बहुतेक वेळा एकच असतो. तालुक्याच्या गावात प्रशिक्षकच स्केट मागवून देतो. त्यात गैर काही नाही, माप चांगलं बसतं. फक्त मधले पैसे किती, हे उघड सांगावं. व्हिडिओवाल्याला जोड फुकट मिळालेला असतो किंवा खालच्या लिंकवर कमिशन. आजार जुना आहे. नव्वदच्या दशकात अमेरिकेत ‘डेली ब्रेड’सारखी इनलाइन खेळाडूंची स्वतःची मासिकं निघाली, पण या धंद्यात जाहिरात देणार कोण, तर स्केट कंपन्याच. इनलाइनची लाट ओसरली, २००५ साली एक्स गेम्स या साहसी खेळांच्या अमेरिकी स्पर्धेतून इनलाइन गेलं, जाहिराती आटल्या आणि छापील मासिकंही विरळ झाली. परीक्षणाचा खर्च वाचकाने उचलला नाही तर तो विक्रेता उचलतो, आणि मग परीक्षणही त्याचंच होतं.

आपल्याकडच्या बातमीची तऱ्हा वेगळी : ‘जिल्ह्याच्या खेळाडूंचे घवघवीत यश’, खाली हार घातलेला फोटो. हांगझोऊ आशियाई स्पर्धेत २०२३ मध्ये भारताच्या पुरुष आणि महिला दोन्ही संघांनी स्केटिंगच्या ३००० मीटर रिलेत कांस्य मिळवलं, २०२५ मध्ये आनंदकुमार वेलकुमारने जागतिक स्पर्धेत १००० मीटर स्प्रिंटचं सुवर्ण जिंकलं. या खेळात पालकांचा पैसा येणारच. मग ‘राष्ट्रीय’ म्हणवणारी स्पर्धा रोलर स्केटिंग फेडरेशन ऑफ इंडियाशी संलग्न आहे का, प्रवेश शुल्कात काय मिळतं, मैदानाची फरशी कसली आहे, एवढं तरी बातमीदाराने विचारावं. सत्काराचा फोटो त्यानंतरही छापता येतो.

हेल्मेटचं शेवटी सांगतो. किटमधल्या हेल्मेटचं अस्तर बोटाने दाबून पाहा. आत नुसता स्पंज असेल तर ते टोपीच समजा. थर्माकोलसारखं कडक ईपीएस आणि ईएन १०७८ या युरोपीय हेल्मेट-मानकाची खूण हवी. मनगटाच्या गार्डमध्ये तळहाताकडे कडक पट्टी आहे का, तेही चाचपा, कारण शिकणारा पडतो तो आधी हातावर. ब्रेक साधारणपणे उजव्या पायाला येतो. मूल डावखुरं असेल तर बहुतेक जोडांत तो डाव्या पायाला बसवता येतो. मूल टी-स्टॉप (मागचा पाय आडवा घासत थांबणं) शिकेपर्यंत, कोणी कितीही सांगितलं तरी, तो काढू नका.