चाकणची नोकरी आणि घराचा ठिकाणा: मोशी, तळेगाव, राजगुरुनगर की चाकणच?

नेमणूकपत्रावर ‘चाकण’ एवढेच लिहिलेले असते आणि बाहेरगावाहून येणारा उमेदवार नकाशावर चाकण गाव शोधून त्याच्या आसपास घर पाहू लागतो. परंतु चाकणची औद्योगिक वसाहत एका जागी नाही. ती खेड तालुक्यातील अनेक गावांच्या हद्दींत विखुरलेली आहे. पुण्याकडून येताना कुरुळी आणि निघोजे आधी लागतात. तळेगाव रस्त्यावर खराबवाडी, म्हाळुंगे आणि खालुंब्रे आहेत, तर त्या रस्त्याच्या उत्तरेस सावरदरी, वराळे आणि भांबोली. महिंद्रचा कारखाना निघोज्याला, बजाजचा म्हाळुंग्याला. दोन्ही पत्ते ‘चाकण’ म्हणूनच सांगितले जातात, पण दोघांसाठी सोयीचे घर एकच असेल असे नाही. म्हणून घर पाहण्यापूर्वी कारखान्याचे प्रवेशद्वार नेमके कोणत्या गावाच्या हद्दीत आहे, हे मनुष्यबळ विभागाला विचारून घ्यावे.

हा तपशील एवढा महत्त्वाचा ठरतो तो चाकणच्या दोन चौकांमुळे. पुणे–नाशिक महामार्गावर आधी तळेगाव चौक आणि थोड्याच अंतरावर आंबेठाण चौक लागतो. नाशिकला जाणारी सगळी वाहतूक येथून जाते. शिक्रापूर आणि रांजणगाव भागातून जवाहरलाल नेहरू बंदराकडे निघालेले कंटेनर मुंबई–पुणे द्रुतगती मार्गाला लागण्यासाठी तळेगाव रस्ता धरतात, म्हणजे तेही याच ठिकाणी महामार्ग ओलांडतात. त्यात पाळी सुटण्याच्या वेळी कंपन्यांच्या बसगाड्या रस्त्यावर येतात आणि कांदा-बटाट्याच्या बाजाराच्या दिवशी शेतमालाच्या गाड्यांची भर पडते. त्यामुळे चाकणमध्ये किलोमीटर मोजून वेळेचा अंदाज बांधता येत नाही. चौक ओलांडावा न लागणारे पंधरा किलोमीटर हे चौकातून जाणाऱ्या आठ किलोमीटरपेक्षा पुष्कळदा लवकर संपतात. पुढील सर्व तुलना याच एका कसोटीवर उभी आहे: रोज त्या चौकातून जावे लागणार आहे की नाही?

याला जोडून आणखी दोन गोष्टी आधीच विचारून ठेवाव्यात. पाळी बदलती आहे की नोकरी केवळ ‘जनरल’ वेळेची आहे, आणि कंपनीची बस आपल्या श्रेणीच्या कर्मचाऱ्याला मिळते का. मोठ्या कारखान्यांच्या बसगाड्या साधारणपणे पिंपरी-चिंचवड आणि पुण्याच्या ठरावीक थांब्यांवरून निघतात, पण प्रशिक्षणार्थी आणि कंत्राटी कामगारांना ती सोय प्रत्येक ठिकाणी असतेच असे नाही. बस मिळणार असेल, तर घर कारखान्याजवळ असण्यापेक्षा थांब्याजवळ असणे अधिक मोलाचे ठरते. बस नसेल आणि दुसरी पाळी रात्री अकराच्या पुढे सुटणार असेल, तर हेच गणित उलटे होते.

मोशीचा विचार सर्वप्रथम करावा लागतो, कारण निघोजे आणि कुरुळीकडे जाणाऱ्याला चाकणचा चौक लागतच नाही. मोशीतून निघून इंद्रायणी ओलांडली, की चिंबळी फाटा आणि कुरुळीवरून थेट वसाहतीत शिरता येते. मोशी पिंपरी-चिंचवड महापालिकेच्या हद्दीत आहे. त्यामुळे रुंद रस्ते, पीएमपीच्या बसगाड्या, शाळांचे पर्याय आणि नव्या इमारतींतील सदनिका येथे सहज मिळतात, आणि घरातील दुसऱ्या व्यक्तीला नोकरी शोधायची झाल्यास भोसरीची औद्योगिक वसाहत जवळ आहे. आजारपणात पिंपरीतील यशवंतराव चव्हाण स्मृती रुग्णालय गाठता येते. कर्मचारी राज्य विमा योजनेची वेतनमर्यादा दरमहा २१,००० रुपये आहे. त्या मर्यादेत बसणाऱ्या कामगाराला चिंचवडच्या मोहननगरातील विमा रुग्णालयाचाही आधार असतो.

मोशीचे उणे मात्र घर दाखवणारा मध्यस्थ आपणहून सांगणार नाही. पहिले उणे पाण्याचे. महापालिकेने नोव्हेंबर २०१९ पासून दिवसाआड पाणी देण्याची पद्धत सुरू केली आणि नव्या वस्तीतील अनेक सोसायट्यांना टँकरवर पैसे खर्च करावे लागतात. म्हणून भाडे विचारताना देखभाल खर्चात टँकरचा वाटा धरला आहे की तो वेगळा आकारला जातो, हे सोसायटीच्या कार्यालयातच विचारावे. उन्हाळ्यातील आकडा हिवाळ्यातील आकड्याहून बराच वेगळा असू शकतो. दुसरे उणे कचरा डेपोचे. शहराचा कचरा मोशीतच येतो आणि वाऱ्याची दिशा बदलली, विशेषतः पावसाळ्यात, की डेपोच्या अंगाला असलेल्या इमारतींत दुर्गंधी जाणवते. घर सकाळी अकरा वाजता पाहून होकार कळवण्यापेक्षा संध्याकाळी पुन्हा एकदा जाऊन खालच्या दुकानदाराशी बोलणे केव्हाही चांगले.

तळेगाव दाभाडे हा याच्या अगदी विरुद्ध स्वभावाचा पर्याय आहे. चाकणपासून ते सुमारे वीस किलोमीटरवर असले, तरी खालुंब्रे आणि म्हाळुंग्याकडे जाणारा माणूस इंदोरी, सुदुंबरे मार्गे येतो आणि चाकणच्या चौकाच्या अलीकडेच वसाहतीत वळतो. अंतराकडे पाहून तळेगाव बाद करणारे पुष्कळ जण ही गोष्ट ध्यानात घेत नाहीत. गाव जुने आहे, त्याला स्वतःची नगरपरिषद, वैद्यकीय महाविद्यालयाला जोडलेले रुग्णालय आणि नावाजलेल्या शाळा आहेत. कारखानदारीच्या लाटेत उगवलेली ही वस्ती नव्हे. लोणावळा–पुणे लोकलचे स्थानक गावातच असल्यामुळे मुलांना महाविद्यालयासाठी शिवाजीनगरला जाणे शक्य होते, मात्र दुपारच्या वेळी गाड्या विरळ असतात, हे वेळापत्रक पाहूनच ठरवावे. मुंबईकडे आईवडील असतील, तर द्रुतगती मार्गाची जवळीक ही लहान गोष्ट नाही. शिवाय नवलाख उंब्रे आणि आंबी परिसरात तळेगावची स्वतःची औद्योगिक वसाहत आहे. जनरल मोटर्सचा बंद पडलेला कारखाना ह्युंदाईने घेतल्यापासून त्या बाजूच्या रोजगाराची चर्चा पुन्हा वाढली आहे. वाहन उद्योगात दर तीन-चार वर्षांनी नोकरी बदलणाऱ्याला दोन औद्योगिक वसाहती एकाच घरातून गाठता येणे हा लाभ मोजण्यासारखा आहे.

अडचण आहे ती तळेगाव–चाकण रस्त्याची. ज्या कंटेनरांचा वर उल्लेख आला, ते सगळे याच अरुंद रस्त्याने धावतात आणि एखादा ट्रेलर आडवा झाला, की पर्यायी वाट नावालाच उरते. तळेगाव ज्या मावळात आहे, तेथला पाऊस चाकणपेक्षा जोरकस असतो. जुलै महिन्यात अंधारात, खड्ड्यांनी भरलेल्या रस्त्यावर अवजड वाहनांच्या मधून दुचाकी चालवत दुसऱ्या पाळीवरून घरी येणे हा माझ्या मते तळेगावविरुद्धचा सर्वांत भक्कम मुद्दा आहे. कंपनीची बस किंवा सहकाऱ्यांसोबत वाटून घेतलेली चारचाकी यांपैकी काहीच नसेल, तर तळेगावचा मोह आवरावा. तळेगावातच घेतले, तरी स्टेशन विभागातील चाकण रस्त्याला जवळ असलेले घर आणि सोमाटणे फाट्याकडील घर यांत रोजच्या वेळेच्या दृष्टीने बराच फरक पडतो. सोमाटण्याकडील घरे पुण्याच्या दृष्टीने सोयीची म्हणून विकली जातात, परंतु चाकणला जाणाऱ्याला आधी अख्खे गाव पार करावे लागते.

मोशी आणि तळेगाव यांच्यात अडकलेल्या कुटुंबाने कारखान्याचे प्रवेशद्वार एका बाजूला ठेवून आणखी एक गोष्ट पाहावी, ती म्हणजे दिवसभर घरी राहणारी व्यक्ती कोण आहे. नोकरी करणारा पाळीचे आठ-नऊ तास कारखान्यातच असतो. त्या गावात खऱ्या अर्थाने राहतात ते वृद्ध आईवडील, लहान मूल आणि घर सांभाळणारी किंवा स्वतः काम शोधणारी पत्नी. वृद्धांना पायी फिरण्यासारखे गाव, ओळखीचा डॉक्टर आणि भाजीबाजार हवा असतो, तो तळेगावात मिळतो. पत्नीला किंवा पतीला शहरात नोकरी मिळवायची असेल, तर मोशीहून नाशिक फाटा आणि तेथून मेट्रोने शिवाजीनगर किंवा स्वारगेट गाठणे अधिक शक्य आहे. पिंपरी ते स्वारगेट मेट्रो सप्टेंबर २०२४ पासून सलग धावू लागल्याने या पर्यायाला पूर्वीपेक्षा वजन आले आहे. जोडीदाराची नोकरी हिंजवडीत असेल, तर या दोन्ही गावांचा नाद सोडून रावेत किंवा निगडीचा विचार करावा. तेथून देहू आणि येलवाडी मार्गे म्हाळुंग्याला पोहोचता येते आणि दोघांचाही प्रवास सुसह्य राहतो. सुट्टीच्या दिवसाचीही चौकशी करून ठेवावी: या पट्ट्यातील पुष्कळ कारखान्यांना साप्ताहिक सुट्टी गुरुवारी असते, आणि शाळेला व जोडीदाराला ती रविवारी असली, तर घर कितीही चांगले असले तरी सगळे एकत्र असण्याचा दिवस उरत नाही.

राजगुरुनगर, म्हणजे जुने खेड, या यादीत सहसा शेवटी येते. ते तसे यावे असे मला वाटत नाही. तालुक्याचे ठिकाण असल्यामुळे न्यायालय, तहसील, बाजारपेठ आणि दवाखाने येथे आहेत, भाडी मोशीपेक्षा कमी आहेत आणि सकाळी चाकणकडे जाताना पुण्याहून येणाऱ्या लोंढ्याच्या उलट दिशेने प्रवास होतो. भांबोली, वराळे या बाजूला जाणाऱ्याला आंबेठाण चौकातूनच वळता येते, पुढच्या तळेगाव चौकात जावे लागत नाही. निमशहरी वातावरणाची सवय असलेल्या, नगर, नाशिक किंवा जुन्नर भागातून येणाऱ्या कुटुंबाला हे गाव लवकर आपलेसे वाटते. मात्र मोठ्या शहराची ओढ असलेल्यांनी येथे घर घेऊ नये. प्रत्येक वेळी पुण्याला जाण्यासाठी चाकण ओलांडावेच लागते, आणि तसे केल्यावर येथे राहण्याचा सारा लाभ रविवारी संध्याकाळच्या कोंडीत वाहून जातो.

आळंदीबद्दल थोडक्यात. भाडी परवडणारी, गाव भाविकांचे, चाकणशी रस्ता जोडलेला. पण कार्तिकी यात्रेच्या आणि पालखी प्रस्थानाच्या काळात वाहतुकीवर निर्बंध येतात आणि लग्नसराईत तेथील मंगल कार्यालयांची गर्दी रस्त्यावर उतरते. कोथरूड किंवा सिंहगड रस्त्यावर स्वतःचे घर असेल तर कंपनीच्या बसने येणे-जाणे जमवता येते. केवळ पुण्यात राहण्याच्या हौसेने तेथे भाड्याने घर घेणे मात्र झोपेचे तास विकत देण्यासारखे आहे.

राहिले चाकण गाव. एकट्या तरुणासाठी, विशेषतः पहिल्या सहा महिन्यांसाठी, मेदनकरवाडी, नाणेकरवाडी किंवा खराबवाडीतील खोली हा सर्वांत व्यवहार्य पर्याय आहे. पाळी बदलली तरी हरकत नाही, खाणावळी भरपूर आहेत आणि दोघा-तिघांनी मिळून खोली घेतली, तर खर्च निम्म्यावर किंवा त्याहूनही खाली येतो. कुटुंबासाठी मात्र मी चाकणची शिफारस करणार नाही. गाव ज्या वेगाने वाढले त्या वेगाने गटारे, पदपथ आणि पाणीपुरवठा वाढला नाही. मुलांना सायकल चालवायला सुरक्षित रस्ता शोधावा लागतो आणि अवजड वाहनांचा आवाज रात्रभर थांबत नाही. १६६० साली फिरंगोजी नरसाळ्यांनी शाइस्ताखानाच्या फौजेविरुद्ध लढवलेला संग्रामदुर्ग याच गावात आहे. आज तेथे पोहोचताना कोंडी फोडावी लागते, हा इतिहासाचा विनोदच म्हणायचा.

विकत घेण्याचा विषय वर्षभर तरी बाजूला ठेवावा. या पट्ट्यातील जाहिरातींत नाशिक फाटा ते खेड या उन्नत मार्गाचा उल्लेख हमखास असतो. ३० किलोमीटरच्या आणि ७,८२७ कोटी रुपयांच्या त्या आठपदरी मार्गाला केंद्रीय मंत्रिमंडळाने ऑगस्ट २०२४ मध्ये मंजुरी दिली, हे खरे आहे. परंतु मंजूर झालेला मार्ग आणि आपल्याला रोज कामावर नेणारा मार्ग यांच्यामधली वर्षे आपल्याच आयुष्यातून जातात, आणि काम चालू असताना याच महामार्गावर अडथळे राहणार हेही गृहीत धरले पाहिजे. चढा भाव मागणाऱ्या विक्रेत्याने तो मार्ग आजच किमतीत धरलेला असतो. गावठाणालगतच्या स्वस्त सदनिकांच्या बाबतीत महारेरा नोंदणी, अकृषिक परवाना आणि सातबारा पाहिल्याशिवाय टोकन देऊ नये. ‘ग्रामपंचायतीची परवानगी आहे’ एवढे उत्तर पुरेसे नाही.

भाड्याच्या घरासाठी अकरा महिन्यांचा करार नोंदणीकृतच करून घ्यावा. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम ५५ नुसार नोंदणीची जबाबदारी घरमालकावर आहे, आणि नोंदणी शुल्क ग्रामीण हद्दीत ५०० रुपये, तर महापालिका वा नगरपरिषदेच्या हद्दीत १,००० रुपये असल्यामुळे खर्चाचे कारण पुढे करून ती टाळण्यात अर्थ नाही. करारात मुदतीपूर्वी घर सोडता न येण्याचा काळ, ज्याला मध्यस्थ ‘लॉक-इन’ म्हणतात, तो शक्य तर तीन महिन्यांहून जास्त ठेवू नये. परिवीक्षेचा काळ संपल्यावर कंपनी निघोज्यावरून भांबोलीच्या कारखान्यात बदली करू शकते, आणि तसे झाले तर मोशीचे सोयीचे घर एका पत्राने चौकाच्या पलीकडे जाऊन बसते.