गरम होणारा डबा: फिरतीच्या नोकरीत आठ महिने वापरल्यानंतर

नोव्हेंबरमध्ये घेतला होता, आता जुलै लागलाय. म्हटलं आता लिहायला हरकत नाही, कारण मी घेतला तोच मुळी चार दिवस वापरून पाच स्टार देणाऱ्यांच्या भरवशावर, आणि त्यातल्या एकानेही वायर किती तोकडी आहे हे लिहिलेलं नव्हतं.

आधी माझं काम सांगतो म्हणजे अंदाज येईल. ठिबकचं सामान विकतो, फिल्टर, व्हॉल्व्ह, लॅटरल वगैरे. घर धुळ्यात, फिरती शिरपूर, शहादा, नंदुरबार, इकडे अमळनेर, चोपडा, पार रावेरपर्यंत. महिन्यातले वीसेक दिवस बाहेरच, कधी एसटी कधी बाईक. दुपारी जिथे असू तिथे शेवभाजी, नाहीतर मिसळ, नाहीतर उभ्याउभ्या दोन समोसे. गेल्या ऑक्टोबरात एचबीएवनसी (रक्तातल्या साखरेची साधारण तीन महिन्यांची सरासरी दाखवणारी तपासणी) ६.३ आलं. डॉक्टर म्हणाले ५.७ ते ६.४ म्हणजे प्रीडायबेटिस, ६.५ ला पोचलात की डायबेटिसच, तेव्हा बाहेरचं खाणं बंद करा. बाहेरचं बंद करा म्हणे, अहो मीच बाहेर असतो!

तर डबा. ३०० वॅटचा, आत स्टीलचे तीन डबे, बाहेरून प्लास्टिक, किंमत साडेअकराशे. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही, बाजारातले बरेचसे साधारण असेच आहेत. खोक्यावर लिहिलंय ३० मिनिटांत गरम. घरी होतं तेवढ्यात. तालुक्याच्या गावी व्होल्टेज पडलेलं असलं की पन्नास मिनिटं धरा, आणि लाईट गेली तर गारच खा. पॉवर बँकेवर चालत नाही (मला पाच जणांनी विचारलंय म्हणून लिहितो). रेल्वेत लावायचा विचारही करू नका, तिथले पॉइंट मोबाईल-लॅपटॉपसाठी असतात, केटल वगैरे लावायला मनाई आहे, आणि आपल्यामुळे बोगीत धूर झाला तर कोण निस्तरणार.

खरं काम डबा गरम करणं नाहीच, सॉकेट मिळवणं हे आहे. साडेबारा वाजले की माझी नजर डीलरच्या भिंतीवर फिरायला लागते. एक सॉकेट देवाच्या दिव्याला, एक पंख्याला, एक मोबाईलला, आणि जो रिकामा असतो तो बरोबर कपाटाच्या मागे. शहाद्याच्या एका डीलरने पहिल्याच दिवशी तोंडावर विचारलं, काय भाऊ, लाईट बिल तुमची कंपनी भरणार का? मी तिथेच कॅल्क्युलेटर काढला. ३०० वॅट, अर्धा तास, म्हणजे ०.१५ युनिट, दीड-दोन रुपये झाले दादा, तुमचा एक चहा मी पीत नाही, त्यात फिटलं. ते हसले पण सॉकेट दिला. तेव्हापासून एक्स्टेंशन बोर्ड बॅगेतच असतो. तो धरून खर्च पंधराशेच्या घरात जातो हे लक्षात ठेवा.

आता काय चालतं काय नाही. डबा मी स्वतःच भरतो, बायकोची सकाळची शाळा असते. मटकीची उसळ एकदम फर्स्टक्लास, उलट दुपारी जास्त मुरलेली लागते. भरीतही छान. पिठलं दगड होतं, त्यावर दोन चमचे पाणी घालून मगच लावायचं. भाकरी चुकूनही आत ठेवू नका, मी पहिल्या आठवड्यात ठेवली होती, खालची चामड्यासारखी आणि वरची वाफेने गिच्च. फडक्यात गुंडाळून वेगळी न्या, गार भाकरी आणि गरम उसळ हे उलट चांगलं लागतं. काकडी, गाजर अख्खंच न्यायचं आणि तिथे चिरायचं, घरून कोशिंबीर करून नेली तर दुपारपर्यंत नुसतं पाणी सुटलेलं असतं. उकडलेली अंडी चालतात, एका अंड्यात सहा-एक ग्रॅम प्रोटीन मिळतं, फक्त भरल्या एसटीत डबा उघडू नका, मी उघडला, आणि खिडकीपाशी बसलेल्या आजींनी पदर नाकाला लावला तो दोंडाईचा येईपर्यंत काढला नाही.

आमटी मात्र बंद. झाकणाचं वायसर दोन महिन्यांत सैल झालं आणि चोपड्याच्या रस्त्याला एका खड्ड्यात बॅगेतल्या सगळ्या प्राइस लिस्ट पिवळ्या झाल्या. नवीन छापून येईपर्यंत पंधरा दिवस त्याच वापरल्या, डीलर लोक वास घेऊन भाव विचारायचे.

उन्हाळ्यातला प्रकार जरा सविस्तर लिहितो कारण कुठल्याच रिव्ह्यूत नाही. मे महिन्यात आमच्याकडे पारा ४३ च्या आसपास. सकाळी सातला भरलेली उसळ बाईकच्या डिकीत, दिवसभर भेटी लांबत गेल्या, डबा उघडला तीन वाजता. वर बारीक फेस होता आणि वास किंचित आंबूस. मला वाटलं गरम केली की होईल ठीक, अर्धा तास लावली आणि खाल्ली. रात्र नंदुरबारच्या लॉजवर कशी काढली ते माझं मला माहीत. नंतर डॉक्टरांनी झापलं, शिजवलेलं अन्न बाहेर दोन तासांच्या वर ठेवायचं नाही आणि ३२ अंशांच्या वर गरमी असेल तर तासभरच, आणि गरम केल्याने सगळं मरतं असं समजू नका, विशेषतः भातात जंतूंनी एकदा विष तयार केलं की ते गरम करूनही जात नाही. म्हणजे हा डबा गार झालेलं गरम करतो, खराब झालेलं चांगलं करत नाही. आता रात्रीच फ्रिजमध्ये ठेवलेली उसळ गारगार भरतो, शेजारी बर्फ झालेली पाण्याची बाटली ठेवतो, आणि अकरा-साडेअकरालाच लावून खाऊन घेतो. भात नेतच नाही. फारच कडक ऊन असेल त्या दिवशी तर डबा घरीच, दशम्या, धपाटे, शेंगदाण्याची चटणी, फुटाणे. आपल्या आज्या बैलगाडीने जाताना हेच बांधून न्यायच्या, उगाच नाही.

आणि आता ती गोष्ट जी मला तीन महिन्यांनी कळली. जानेवारीत परत तपासलं तर ६.२. इतका डबा वाहून फक्त ०.१! चिडून एक दिवस डायरीत सगळं लिहून काढलं, तोंडात जाईल ते सगळं. डबा ठीक होता. चहा होते नऊ. प्रत्येक डीलरकडे एक, आणि आमच्याकडे चहा म्हणजे पाकच, दोन चमचे साखर कुठेच चुकत नाही. चमच्याला चार ग्रॅम धरली तरी बहात्तर ग्रॅम झाली, आणि जागतिक आरोग्य संघटना म्हणते २००० कॅलरीच्या आहारात वरची साखर पन्नास ग्रॅमच्या आत ठेवा, जमलं तर पंचवीस. मी उसळ-भाकरी खाऊन वरून नऊ वेळा साखर पीत होतो. चहा नाही म्हणणं मात्र डबा वाहण्यापेक्षा अवघड आहे, माणूस दुखावतो, ऑर्डरवर फरक पडतो. गोळी चालूये म्हटलं की कोणी आग्रह करत नाही, खोटं आहे पण चालतं. दिवसाला दोनवर आलोय, तेही बिनसाखरेचे. रावेर-यावलला केळी हातात देतात, ती घेतो, एकच.

डबा नसेल त्या दिवशी हॉटेलात कळण्याची भाकरी मागतो, ज्वारी आणि सालाच्या उडदाची असते, सोबत भरीत किंवा साधी दाळ, आणि भाजी घेतलीच तर वरची तर्री काढून. वेटर आधी वैतागायचे, आता ओळखतात.

दुरुस्ती: पाचव्या महिन्यात वायर पिनपाशी तुटली. कंपनीला फोन केला तर कुरिअरने पाठवा, येणंजाणं तुमच्या खर्चाने, वीस दिवस लागतील. गल्लीतल्या इलेक्ट्रिशियनने १२० रुपयांत नवी वायर टाकली, तीही हातभर लांब, म्हणजे कंपनीपेक्षा त्यालाच जास्त कळतं. एका बाजूचा खटका तुटलाय, रबर बँड लावतो.

डायरीप्रमाणे आठ महिन्यांत १६३ दिवस फिरती, त्यात डबा नेला १०९ दिवस. हॉटेलात दीडशेच्या आसपास जायचे, त्यामुळे पैसे पहिल्या महिन्यातच वसूल. वजन ८४ चं ८० झालंय, गेल्या आठवड्यातलं एचबीएवनसी ५.९. यातलं डब्याचं किती आणि चहाचं किती ते मला विचारू नका, मी तरी चहाला जास्त मार्क देईन. स्टार द्यायचे तर साडेतीन, अर्धा वायसरचा कापला आणि एक त्या कुरिअरवाल्या उत्तराचा. रोज बाईकवर उन्हात फिरणाऱ्याने घेऊ नये, दुकानात-ऑफिसात दुपारी टेकायला मिळत असेल तर जरूर घ्या.

शहाद्याच्या त्या दादांनी जूनमध्ये तसाच डबा घेतला. आता साडेबाराला त्यांच्या दुकानातला रिकामा सॉकेट रिकामा नसतो, मी शेजारच्या झेरॉक्सवाल्याकडे लावतो.